राज्य कुणावर?

अंगणवाडीच्या लोखंडी कपाटात वजनकाटा, रजिस्टरं आणि पोषण आहाराची पाकिटं यांच्या शेजारी बहुतेक वेळा एक लाकडी पाटी सापडते. तिच्यात गोल, चौकोन, त्रिकोण असे खळगे कोरलेले असतात आणि प्रत्येक खळग्यात नेमका बसेल असा एकेक रंगीत तुकडा. धरायला खुंट्या असतात, त्यातल्या निम्म्या निघून गेलेल्या. ताई पाटी सतरंजीवर पालथी करतात आणि तुकडे विखुरतात. तीन वर्षांचं पोर त्रिकोण उचलून चौकोनात दाबू लागतं. दाबतं, फिरवतं, चाटून बघतं, रागाने आपटतं. मग कधीतरी तुकडा ‘टक्’ करून आपल्या जागी बसतो आणि पोर आजूबाजूला बघतं, कुणी पाहिलं का म्हणून.

ही पाटी कुणासाठी बनवली? लहान मुलांसाठी, असं कुणीही सांगेल. ते अर्धंच खरं आहे. ज्या मुलांसाठी ती मुळात घडली, ती मुलं त्या सतरंजीवर क्वचित दिसतात. खेळणं त्यांचं होतं. ते त्यांच्या हातातून सुटून जगभरच्या बाळांकडे कसं गेलं आणि परत येताना कुठे कुठे अडलं, हे बघायचं तर आधी पॅरिसला जावं लागतं.

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या सां-सेर्नां नावाच्या गावात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा रानातून आला. भर थंडीत अंगावर धड कपडा नाही, तोंडात भाषा नाही. त्याच वर्षी त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणलं. वेड्यांच्या पायातल्या बेड्या काढणारा म्हणून ज्याचं नाव झालं, त्या फिलिप पिनेलनेच या मुलाला तपासून, हा मुळातच मंदबुद्धी आहे, यात सुधारणा नाही, असा निर्वाळा दिला. संस्थेतल्या ज्याँ इतार या तरुण डॉक्टरला ते पटेना. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिलं आणि पुढची पाचेक वर्षं त्याच्यापायी घातली. न्हाऊ-माखू घालणं, जेवू घालणं, रडला तर जवळ घेणं हे सगळं मादाम गेराँ नावाच्या बाईंनी केलं. इतिहासात डॉक्टरचं नाव ठळक आणि बाईंचं बारीक अक्षरात. आपल्याकडच्या मदतनीसताईंना हे नवीन वाटणार नाही.

इतारने सुरुवातीला व्हिक्टरला खेळणी आणून दिली. तासन् तास दाखवली. व्हिक्टर वैतागायचा, संधी मिळाली की ती लपवायचा किंवा मोडायचा. चेंडू मारून पाडायच्या लाकडी सोंगट्यांचा एक संच होता. एक दिवस खोलीत कुणी नाही असं बघून त्याने तो शेकोटीत घातला आणि त्या जाळावर मजेत शेकत बसला. इतारने हे आपल्या अहवालात प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कारण इथून तो डॉक्टर शहाणा झाला. पोराला खेळता येत नाही असं न म्हणता त्याने खेळ बदलला. चांदीचे काही पेले पालथे घालायचे, एकाखाली चेस्टनट लपवायचं, पेल्यांच्या जागा बदलायच्या आणि कुठे आहे ते ओळखायला लावायचं. चेस्टनट व्हिक्टरला खायला आवडायचं, म्हणून तो खेळू लागला. मग हळूच इतारने चेस्टनटच्या जागी खाता न येणाऱ्या वस्तू ठेवल्या. पोर तरी खेळतच राहिलं. आता त्याला खाऊ नको होता, खेळ हवा होता.

याच खटपटीत आपल्या पाटीचा पहिला अवतार दिसतो. इतारने दोनेक फुटांच्या एका फळीवर कागदाचे तीन आकार चिकटवले: लाल गोल, निळा त्रिकोण, काळा चौकोन. तसेच तीन आकार पुठ्ठ्याचे कापले, त्यांना भोकं पाडली आणि फळीवर खिळे ठोकले. ज्याचा त्याच्यावर टांगायचा. व्हिक्टरला जमलं की इतार लगेच अवघड करायचा. रंग सारखे ठेवून आकार बदल, आकार सारखे ठेवून रंग बदल. व्हिक्टर चिडून सगळं फेकून द्यायचा. अक्षरं जुळवण्यापर्यंत मजल गेली, बोलणं मात्र आलं नाही, आणि इतारने स्वतःला हरलेला मानलं. व्हिक्टर १८२८ मध्ये वारला. त्याची फळी मात्र पुढे गेली.

ती पुढे नेली इतारच्या शिष्याने. एदुआर सेगँ १८१२ मध्ये जन्मला. पंचविशीत त्याने इतारच्या सल्ल्याने एका मंदबुद्धी मुलाला शिकवायला घेतलं, पुढे बिसेत्रच्या रुग्णालयातल्या मुलांबरोबर काम केलं आणि १८४६ मध्ये आपल्या पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातच ‘इडियट’ हा शब्द होता. तेव्हा ती शिवी नव्हती, वैद्यकातली वर्गवारी होती. सेगँने कागद-पुठ्ठा सोडून लाकूड धरलं आणि लाकडात खळगे कोरले. बदल लहानसा दिसतो. पण खिळ्यावर चुकीचा पुठ्ठा टांगता येतो. चुकलं हे सांगायला गुरुजी लागतात. खळग्यात चुकीचा तुकडा बसतच नाही. ‘नाही’ हे लाकूडच सांगतं, आणि लाकूड कधी ओरडत नाही. ज्या मुलांनी जन्मभर माणसांकडून ‘नाही’ ऐकलं, त्यांच्यासाठी ही केवढी सोय होती हे त्यांच्या आईला विचारा.

१८५० च्या सुमारास सेगँ अमेरिकेला गेला. पुढे त्याच्या पाटीला दोन फाटे फुटले, आणि पहिला फाटा काही चांगल्या वाटेने गेला नाही. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत हेन्री गॉडर्ड हा मानसशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुलांची बुद्धी मोजत होता. त्याने दहा आकारांची पाटी घेतली आणि तिच्याशेजारी घड्याळ ठेवलं. आकार किती सेकंदांत बसवले त्यावरून मूल किती ‘कमी’ आहे ते ठरू लागलं. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीने येणाऱ्या, इंग्रजी न समजणाऱ्या परदेशी माणसांपुढेही अशाच पाट्या ठेवल्या गेल्या. कुणाला देशात घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरवताना डॉक्टरांना त्यांचा आधार होता. आत येण्याची वाट म्हणून घडलेली वस्तू आता दारावरचा पहारेकरी झाली. आपल्याकडे बालमार्गदर्शन केंद्रात ‘सेग्विन फॉर्म बोर्ड’ म्हणतात तो हाच. तीन वेळा बसवायला सांगतात, सगळ्यात कमी लागलेला वेळ धरतात, तक्त्यात बघून मानसिक वय काढतात. चाचणी उपयोगी आहे, ती नको असं माझं म्हणणं नाही. पण तिथे बसलेल्या मुलाला खेळणं आणि परीक्षा यातला फरक कुणी सांगितलेला नसतो.

दुसरा फाटा रोमला गेला. १८९६ मध्ये डॉक्टर झालेल्या मारिया मॉण्टेसरी विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना वेड्यांच्या इस्पितळातली मुलं बघत होत्या. जेवण झाल्यावर ती मुलं फरशीवर पडलेले पावाचे कण वेचायची. सांभाळणाऱ्या बाईला ती हावरी वाटत. मॉण्टेसरींच्या लक्षात आलं की खोलीत हाताला लागेल, चाचपता येईल असं दुसरं काही नाहीच. त्यांनी इतार आणि सेगँ शोधून काढले आणि पुढे दोघांची पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत इटालियनमध्ये स्वहस्ते उतरवून काढली. १९०० मध्ये रोममध्ये मंदबुद्धी मुलांच्या शिक्षकांसाठी शाळा निघाली, तिथे त्यांनी सेगँची साधनं वापरली, आपली नवी घडवली. तिथली काही मुलं सरकारी शाळेच्या परीक्षेला बसली आणि इतर मुलांबरोबरीने पास झाली. लोक वाहवा करू लागले. बाई मात्र वेगळ्याच काळजीत पडल्या: आमची मुलं इथवर आली, तर मग धडधाकट मुलांच्या शाळेत काय चाललंय की ती तेवढ्यावरच राहिली?

या प्रश्नाने बालशिक्षण बदललं. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं आणि ती सगळी साधनं ‘नॉर्मल’ मुलांच्या हाती गेली. ठोकळ्यातल्या भोकांत उतरत्या क्रमाने बसणारे दहा दट्टे, गुलाबी मनोरा, भूमितीच्या आकारांची कपाटं. दट्ट्याला वर जी बारीक खुंटी असते ती तीन बोटांत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायची तीच पकड. एक दट्ट्या चुकला की शेवटी एक भोक आणि एक दट्ट्या जुळत नाहीत. सेगँचं मुकं लाकूड इथेही बोलत होतं. मॉण्टेसरींनी फरकही नोंदवला: मंद मुलाला हे साधन बाईच्या मदतीने शिकवतं, धडधाकट मूल मात्र त्यातून आपलं आपण शिकतं. निरीक्षण खोटं नव्हतं. पण जे आपलं आपण शिकतं त्याच्याकडेच जगाचं लक्ष गेलं. पुस्तकं निघाली, शाळा निघाल्या, फीही वाढत गेली. ज्यांच्या हातांनी ही साधनं आधी घासून गुळगुळीत केली, ती मुलं त्या सुंदर खोल्यांच्या बाहेर राहिली. आज मोठ्या शहरातल्या मॉण्टेसरी शाळेत अंकांच्या पाट्यांना ‘सेगँ बोर्ड’ म्हणतात. सेगँ कोण आणि कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

आपल्याकडे ही साधनं मॉण्टेसरीबाई स्वतः येण्याच्या कितीतरी आधी आली. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. या दोघांनी मॉण्टेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. प्रत्येक मूल आपली चटई अंथरून एकेकटं दट्टे बसवतंय, हे त्यांना पुरेसं वाटलं नाही. गोष्टी, गाणी, नाटुकली, भटकंती हे सगळं त्यांनी त्यात घातलं. मॉण्टेसरींना ‘काम’ हा शब्द प्यारा होता, आपल्या माणसांनी तिथे ‘खेळ’ परत आणला.

पण ताराबाईंची मोठी कामगिरी बोर्डीची. १९४५ मध्ये त्या तिथे गेल्या, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि गरिबांच्या वस्तीतली मुलं येईनात. आयांना कामावर जायचं, धाकट्यांना सांभाळायचं, आणि त्या गावच्या बालवाडीत आपल्या पोराला जागा आहे यावर विश्वासही नाही. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. १९५७ मध्ये सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर गेला. वारली मुलं गुरं राखायला कुरणात जायची म्हणून शाळाही कुरणात गेली. परदेशी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूच्या कांड्या यांतून जाडं-पातळं, लहान-मोठं, खडबडीत-गुळगुळीत शिकवलं जाऊ लागलं. पॅरिसच्या डॉक्टरची फळी डहाणूच्या चिंचोक्यांत विरघळली म्हणा ना.

मूल येत नसेल तर खेळाने जागा बदलायची, हे बोर्डीने जात आणि गरिबी यांच्या बाबतीत करून दाखवलं. अपंग मुलाच्या बाबतीत हेच सुचायला देशाला पुढे फार वर्षं लागली. त्या मुलांसाठी वेगळी घरं निघाली, आणि ती काढणाऱ्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. मुंबईत जय वकील यांनी १९४४ मध्ये घरातच शाळा सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला घेणारी शाळा नव्हती. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी निघाली. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांनाही घरातूनच धक्का बसला होता. मुंबईच्या या दोन्ही शाळांची कहाणी तीच: दार उघडत नाही म्हणून आईने दुसरं दार बसवून घेतलं.

मधल्या काळात बाकीची मुलं खेळायची कुठे? गल्लीत, वाड्याच्या चौकात. आणि तिथे त्यांच्यासाठी एक पद आधीपासून होतं. कच्चं लिंबू.

गडी वाटून झाले की कुणाचा तरी धाकटा भाऊ नाक ओढत उभा असायचा. खिडकीतून आई ओरडायची, “त्यालाही घ्या रे!” मग कुणीतरी मोठ्या मनाने म्हणायचं, “बरं, हा कच्चं लिंबू.” कच्च्या लिंबाने पळायचं, लपायचं, चेंडू मारायचा. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याने कुणाला शिवलं तरी ते धरायचं नाही. हा कायदा कुणी लिहिला नाही, पण मराठी मुलखात सगळीकडे चालतो. क्रिकेटची बातमी देताना दुबळ्या संघांना ‘लिंबूटिंबू’ म्हणतात तेही याच गोतातलं. आणि हे फळ आपल्या एकट्याचं नाही. तेलुगू मुलं अशा गड्याला खेळातलं केळं म्हणतात, बंगाली मुलं दूध-भात म्हणतात. तमिळमध्ये मात्र शब्द आहे ‘ओप्पुक्कु चप्पाणी’, म्हणजे नावापुरता घेतलेला पांगळा. लिंबू, केळं, दूध-भात यांनी जे गोड करून सांगितलं ते तमिळ पोरांनी उघड म्हटलं.

मला ही रीत फार काळ आपली मोठी शहाणीव वाटत होती. कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी पोरांनीच सर्वसमावेशक खेळाचा नियम काढलाय, असं मी कौतुकाने सांगायचो. मग आठवायला लागला आमच्या वाड्यातला एक मुलगा. पोलिओने एक पाय गेलेला, लोखंडी पट्ट्यांचा बूट. क्रिकेटमध्ये आम्ही त्याला कायमचा अंपायर केला होता. आउट दिल्यावर त्याच्याशी भांडायचो तेवढं मात्र बरोबरीने. लगोरीत तो कच्चं लिंबू. एका मे महिन्यात डबा ऐसपैस खेळताना तो हटून बसला, “माझ्यावर राज्य द्या.” आम्ही बघतच राहिलो. राज्य कुणी मागून घेतं का? राज्य म्हणजे शिक्षा, सगळी धडपड ती चुकवायची. आम्ही म्हटलं, तू नको, खेळ लांबेल. तो गप्प झाला. आम्ही त्याच्यावर दया केली, अशाच समजुतीत आम्ही सगळे संध्याकाळी घरी गेलो.

कच्च्या लिंबाला सगळं मिळतं, राज्य मिळत नाही. आणि राज्य येत नाही म्हणजे खेळाच्या हिशेबात तो नाही. आता कुठल्याही वर्गात ‘आम्ही सगळ्यांना खेळात घेतो’ असं ऐकलं की मी एवढंच बघतो: त्या मुलावर राज्य येतं का? २०१७ मध्ये प्रसाद ओक यांनी केलेला चित्रपट जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर आहे. मतिमंद मुलाच्या आईवडिलांची ती गोष्ट. चित्रपटाला नाव दिलं ‘कच्चा लिंबू’. नाव ऐकताच महाराष्ट्राला कळलं, समजावून सांगावं लागलं नाही.

अंगणवाडीतही या मुलांचं कच्चं लिंबूच झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाईंच्या अंगणातला शब्द सगळ्या भारताचा झाला. योजनेच्या कागदात सगळीच मुलं होती. प्रत्यक्षात सेविकेच्या हाती आहार, वजन, लसीकरण, सर्वेक्षण. चालता न येणारं, बोलता न येणारं मूल दिसलं की “याची वेगळी शाळा असते बाई, तालुक्याला” असं सांगून ती मोकळी. वेगळी शाळा काढणाऱ्या मिठू अलूर यांनीच पुढे लंडनच्या पीएचडीच्या संशोधनातून दाखवलं की देशातल्या या सगळ्यात मोठ्या बालयोजनेत अपंग मुलं जवळजवळ अदृश्य आहेत. त्यानंतर त्या स्वतः मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या अंगणवाड्यांकडे वळल्या. वेगळं दार बसवणाऱ्या बाईने पुन्हा जुन्या दारावर थाप मारली. मला त्यांचं हे मागे वळणं पहिल्या कामाइतकंच मोठं वाटतं.

कायदे या बाबतीत उशिराच आले आणि वयाच्या चुकीच्या टोकाला आले. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षणहक्क, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. यातल्या शेवटच्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, शाळेत खेळ आणि करमणुकीतही समान संधी द्या म्हटलं. २००७ मध्ये भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारात तर खेळण्याचा हक्क शब्दशः आहे. पण शिक्षणाचा पक्का हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीची तीन वर्षं, ज्यात मूल खेळूनच सगळं शिकतं, ती सद्भावनेवर सोडलेली.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरहून झाली. कोसबाड तिथून जवळच आहे. अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाची वर्षातून दोनदा तपासणी, आणि जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर हे सगळं लवकर हुडकायचं. हुडकलेलं मूल जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं जातं. तिथे टेबलावर तीच पाटी असते, घड्याळासह. मूल तपासून, कागद घेऊन परत गावात येतं, आणि अंगणवाडीत काय होतं त्याचं? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती केंद्राने जाहीर केली, तिने निदान हा प्रश्न तरी विचारला: लक्षणं ओळखणं, आशाताईंमार्फत पुढे पाठवणं आणि मधे, घराला बळ देत मुलाला गावातल्या सगळ्या कार्यक्रमांत सामील करून घेणं.

सामील करून घ्यायचं म्हणजे ताईंनी करायचं काय? हे मोठ्या बंगल्यातल्या प्रशिक्षणापेक्षा सतरंजीवर जास्त कळतं. हात थरथरणाऱ्या पोराची पाटी सरकते, तर तिच्याखाली ओलं फडकं घालायचं. बारीक खुंटी धरता येत नाही, तर तिला बाटलीचं बूच चिकटवायचं. दहा खळगे बघून घाबरतं, तर सात कापडाने झाकायचे आणि तीनच उघडे ठेवायचे. दिसत कमी असेल तर खळग्याच्या कडेला सुतळी चिकटवायची. लाकडी पाटी नसेल तर जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून आकार कापता येतात. मऊ असतात, बोट चेमटत नाही, धुताही येतात. हे सगळं इतारचंच शास्त्र, चांदीचे पेले सोडले तर.

अवघड भाग साधनाचा नाहीच, बाकीच्या मुलांचा आहे. अमेरिकेतल्या बालवाडीच्या शिक्षिका व्हिवियन पेली यांनी वर्गात नियम केला की कुणी कुणाला ‘तू खेळायचं नाहीस’ म्हणायचं नाही, आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नियम लागला की दार उघडतं. पण आत गेल्यावर भातुकलीत त्या मुलाला रोज बाळच केलं जातं. बाळाने झोपायचं, बाकीच्यांनी पांघरूण घालायचं. ताईंचं खरं कसब इथे लागतं. “आज बाळ सोनू, आणि ही आई. ती भाकरी वाढेल.” बोलता येत नसेल तर हातात पळी द्यायची, पळी वाढली की वाढली, बोलायची गरज काय? मैदानावरचा खेळ असेल तर नियम एकट्यासाठी सैल करायचा नाही, सगळ्यांसाठी बदलायचा. सैल केला की लिंबू तयार होतं.

गेल्या वर्षी एका अंगणवाडीत बघितलं. एका मुलीचे पाय चालत नाहीत. घरात ती हातांवर जोर देऊन सरकत फिरते. शिवाशिवी सुरू व्हायची होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती, नेहमीसारखी. ताई म्हणाल्या, “आज सगळ्यांनी बसून सरकायचं. उभा राहिला तो बाद.” पोरं आधी हसली, मग फरशीवर लोळत-सरकत सुटली आणि दोन मिनिटांत दमली. त्यांना सरकायची सवय नव्हती, तिला जन्मापासून होती. ती एकेकाच्या हातून निसटत राहिली. पोरं चिडली, “ताई, ही लई फास्ट हाय!” मग चौघांनी मिळून तिला कोपऱ्यात घेरलं आणि एकाने शिवलं. राज्य तिच्यावर आलं. तिचा चेहरा उतरला, ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी म्हणालं, “ताई, ती रडतीय, तिला सोडू का?”

ताई गप्प राहिल्या. मुलीने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून मोजायला लागली. पाचाच्या पुढचे आकडे तिला येत नव्हते, म्हणून ती एक ते पाच दोनदा म्हणाली.